कॉन्फरन्स कॉललाही तास म्हणा

रविवारी सकाळी अकराला जे अभ्यासकेंद्रात येतात, त्यांचं बरं चाललंय. बाक आहे, फळा आहे, समोर शिकवणारं माणूस आहे. अडलं की विचारायची सोय आहे. हा लेख त्यांच्यासाठी नाही. पटावर नाव आहे, फी भरली आहे, पुस्तकं घरी नेली आहेत आणि तरी वर्षभर ज्यांचं तोंड आम्हाला दिसत नाही, त्यांच्यासाठी आहे.

मी उदगीरमध्ये एका अभ्यासकेंद्रावर अर्थशास्त्र शिकवते. मुक्त विद्यापीठाच्या कागदोपत्री मी संमंत्रक, पोरांसाठी मॅडम. ‘पोरं’ म्हणते खरी, पण त्यातल्या काहींची पोरंच दहावीला आहेत. आमच्या पटावर आशाताई असतात, अंगणवाडीतल्या मदतनीस असतात, कापडदुकानात दिवसभर थान उलगडून दाखवणारे असतात, होमगार्ड असतात. बारावीच्या आत लग्न झालं आणि आता लेकरं शाळेत गेल्यावर स्वतःचं शिक्षण हाती घेतलं, अशा बायका तर हमखास असतात. जळकोट, देवणी, अहमदपूर, पलीकडे नांदेड जिल्ह्यातलं मुखेड असा सगळा पसारा.

यांनी रविवारी यावं अशी अपेक्षा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा वाटलं होतं की आता वर्ग भरेल. भरला नाही. कारण अडचण तिकिटाची कमी आणि दिवसाची जास्त आहे. जळकोटकडच्या तांड्यावरून उदगीर गाठायचं तर सकाळची गाडी धरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. दोन तासांच्या शिकवणीसाठी अख्खा दिवस मोडतो. सोयाबीनची काढणी सुरू असेल तर त्या दिवसाची मजुरी बुडते. लग्नसराईत दुकानदार रविवारची सुट्टी देत नाही. आणि येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, रविवारी आली, तर आमच्या भागात वर्ग घ्यायचा विचारसुद्धा कुणी करू नये. भज्जी आणि आंबील सोडून कोण येणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. साध्या फोनवरच्या कॉन्फरन्स कॉलला संपर्क सत्राचा, म्हणजे रविवारच्या वर्गाचा, दर्जा द्या. त्याची हजेरी धरा, त्याचं मानधन द्या, त्याची वेळ वेळापत्रकात छापा. आज आमच्यासारखे काही जण हे आपापल्या हौसेनं करतात. शिक्षण हौसेवर सोडलं की हौस असलेल्या माणसाची बदली झाल्यावर तेही थांबतं.

झूम, यूट्यूब, व्हॉट्सॲपच्या काळात फोनवर काय शिकवायचं, असं कुणी म्हणेल. आधी हे पाहू या की घरी बसून शिकणाऱ्याकडे नेमकं काय नाही. माहिती आहे. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं एकट्यानं वाचून समजावीत अशाच बेतानं लिहिलेली असतात. मोबाइलवर व्याख्यानं तर ढिगानं आहेत. नाही ते एवढंच, की वाचताना अडलं तर विचारायचं कुणाला? आणि त्याहून मोठी गोष्ट : ‘तू वाचलंस का?’ असं नाव घेऊन विचारणारं कुणी नाही. व्हिडिओ हजार जण पाहतात, पण त्यातल्या कुणाला समजलं नाही हे व्हिडिओला कळत नाही.

आपल्याकडे दूरशिक्षणात आजवर जी जी मोठी यंत्रं आणली गेली, त्यांचा इतिहास हेच सांगतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ ला सुरू झालं. १९९० च्या दशकात इस्रोच्या मदतीनं त्यानं टेलिकॉन्फरन्सिंग सुरू केलं. त्यात चित्र दिल्लीहून केंद्राकडे जायचं, परत जायचा तो फक्त आवाज. विद्यार्थी केंद्रातल्या फोनवरून प्रश्न विचारायचे. पुढे आकाशवाणीवरून रविवारी दुपारी चार ते पाच थेट समुपदेशन सुरू झालं. तिथंही प्रश्न फोनवरूनच. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट सुटला. निव्वळ शिक्षणासाठी सोडलेला देशाचा तो पहिला उपग्रह. त्याच्या पथदर्शी प्रकल्पात कर्नाटकचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि भोपाळचं राजीव गांधी विद्यापीठ यांच्या जोडीला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होतं.

या सगळ्यांत दोन गोष्टी सारख्या होत्या. एक, चित्र कितीही महागामोलाचं असो, विद्यार्थ्याचा प्रश्न परत यायला आवाज लागायचा. दोन, त्या आवाजासाठी बहुतेकदा विद्यार्थ्यालाच उठून केंद्रापर्यंत जावं लागायचं. १९९५ साली देशात मोबाइल आला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. आज महिन्याच्या रिचार्जमध्ये बोलणं जवळपास फुकट आहे आणि केंद्रातला तो फोन विद्यार्थ्याच्या खिशात आलाय. महागडा भाग सरकारनं वीस वर्षांपूर्वी उभा केला. स्वस्त भाग आपोआप घरोघरी पोचला, तर तो मात्र नियमात बसत नाही.

जगाला हे नवं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठानं १९६५ साली टेलिफोनचं शैक्षणिक जाळं उभारलं. सुरुवातीला ते डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणासाठी होतं, नंतर गावोगावची केंद्रं एका लाइनवर येऊन शिकू लागली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं १९७० च्या दशकातच लांब राहणाऱ्या आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फोनवरचे वर्ग चालवले. वेस्ट इंडीज विद्यापीठानं १९८३ पासून समुद्रानं तोडलेली बेटं आवाजाच्या जाळ्यानं जोडली. आपल्याकडचा शेतकरी तर २००४ पासून किसान कॉल सेंटरला फोन लावून विचारतोय की सोयाबीनवर पिवळा मोझॅक आलाय, काय फवारू? शेतकऱ्याला फोनवरून सल्ला चालतो, तर शेतकऱ्याच्या सुनेला फोनवरून अर्थशास्त्र का चालू नये?

आता हा तास प्रत्यक्षात कसा होतो ते सांगते.

वेळ रात्री साडेआठची. त्याआधी स्वयंपाक असतो, त्यानंतर झोप. साध्या मोबाइलवरून एका वेळी स्वतःला सोडून पाच जण जोडता येतात. पहिल्याला फोन लावायचा, त्याला होल्डवर ठेवून दुसऱ्याला लावायचा, मग ‘मर्ज’. असं करत पाच. पलीकडे बटणांचा फोन असला तरी अडत नाही. नुसता उचलायचा असतो. आदल्या दिवशी निरोप गेलेला असतो : अमुक पुस्तक, अमुक पान, वही आणि पेन जवळ घेऊन बसा.

सुरुवातीला हजेरी. नाव घेते, ती किंवा तो ‘हजर मॅडम’ म्हणतो. मागं कुकरची शिट्टी, कुठं टीव्हीवरची मालिका, कुठं कुत्रं. ज्याच्याकडे जास्त गलका, त्यानं बोलण्यापुरता आवाज चालू करायचा, एरवी बंद. मग मी शिकवत नाही, विचारते. परवाचा विषय होता पुरवठा. पुस्तकात लिहिलंय की किंमत घटली की पुरवठा घटतो. मी विचारलं, ‘दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा भाव पडलेला असतो, तरी आपल्या मोंढ्यात मालाच्या गाड्या लागतात. मग पुस्तक खोटं का?’

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग देवणी तालुक्यातली एक बाई म्हणाली, ‘मॅडम, ठेवायला जागा कुठंय? आणि दुकानदाराची बियाणं-खताची उधारी दिवाळीच्या आत द्यावी लागते. भाव बघत बसलं तर तो दारात येतो.’ लगेच कापडदुकानातला म्हणाला, ‘आमच्या गावात ज्यांच्याकडं गोडाऊन आहे ते नाही विकत. ते थांबतात.’ झालं. साठवणक्षमता, रोखीची निकड, अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांतला फरक, असा पाऊण तासाचा धडा त्या दोघांनी चार वाक्यांत मांडला. मी फक्त त्याला पुस्तकातली नावं दिली आणि पान सांगितलं. या दोघांची एकमेकांशी कधी भेट झालेली नाही. रविवारी दोघंही येत नाहीत. त्यांचा वर्ग भरला तो या कॉलवर.

आलेख कसा काढता, असं मला सहकारी विचारतात. काढत नाही, काढायला लावते. ‘वहीवर एक उभी रेघ, तिच्या पायथ्यापासून एक आडवी. उभीवर किंमत, आडवीवर नग. दहा रुपयाला पन्नास नग, वीस रुपयाला तीस. दोन्ही ठिकाणी टिंब द्या आणि जोडा. आता सांगा, डावीकडून उजवीकडे जाताना रेघ चढते का उतरते?’ ज्याची चढली, त्याचं काहीतरी उलटं झालं हे मला न बघता कळतं, आणि त्यालाही. फळ्यावर मी काढलेला आलेख मुलं उतरवून घेतात. फोनवर त्यांना तो स्वतः उभा करावा लागतो. परीक्षेतही तेच करायचं असतं.

यातून एक गोष्ट ध्यानात आली. फोनवर भाषण चालत नाही. समोरची माणसं दिसत नाहीत, म्हणून शिकवणारा बोलतच सुटतो आणि दहा मिनिटांत पलीकडचे सगळे पेंगतात. वर्गात डोळे बघून आपण सावरतो, इथं ती सोय नाही. म्हणून दर तीन-चार मिनिटांनी नाव घेऊन प्रश्न, आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची सवय आम्हा मास्तर लोकांना मुळात नसते. फोनवर दोन-चार सेकंदांची शांतताही मोठी वाटते, लाइन कटली की काय असं वाटतं, आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. तेवढा दम धरला तर उत्तर येतं.

आता खर्चाचं आणि नेटवर्कचं. साध्या कॉलला सेकंदाला बारा-तेरा किलोबिट पुरतात. अंधुकातल्या अंधुक व्हिडिओलाही त्याच्या कैकपट लागतात. जळकोटकडच्या डोंगराळ भागात गच्चीवर चढलं की बोलणं होतं, व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. शिवाय रोजचा दीड जीबी डेटा संध्याकाळपर्यंत लेकरांच्या कार्टूनमध्ये आणि मालकांच्या रील्समध्ये संपलेला असतो. घरात स्मार्टफोन आला म्हणजे तो शिकणाऱ्याच्या हातात आला असं होत नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२० च्या पाहणीनुसार, शाळेत नाव असलेल्या देशाच्या ग्रामीण भागातल्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी आहे, पण लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं की एका फोनवर तीन भावंडं आणि एक बाप. त्याच वर्षी जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय मुलांसाठीची मालिका सुरू झाली, तिनं पुष्कळ घरांत शाळा नेली. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता. त्यासाठी गावोगावच्या शिक्षकांनी शेवटी फोनच लावले. ते दिवस सरले आणि आपण ती गोष्ट विसरलो. शाळा उघडल्या, तेव्हा शाळेतल्या मुलांना तिची गरज उरली नाही हे खरं. पण मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याची शाळा तर अजूनही बंदच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं उदाहरण घ्या. जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधार या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळं परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. म्हणजे अभ्यासाचे ऐन महिने कारखान्याच्या शिवारात. अशा विद्यार्थ्याला ‘रविवारी उदगीरला ये’ म्हणणं ही थट्टा आहे. तो कोपीत बसून फोन मात्र उचलू शकतो. स्मार्टफोन तिथं चार्जिंगअभावी मान टाकतो. बटणांचा फोन दोन-दोन दिवस चालतो. एका विद्यार्थ्यानं मला मागून ट्रॅक्टरचा आवाज येत असताना गिफेन वस्तूचं उदाहरण विचारलं होतं. त्याच्या प्रश्नाला हजेरीपटावर जागा नव्हती.

बायकांच्या बाबतीत अडचण वेगळी. फोन त्यांचा नसतो, घराचा असतो. दिवसा तो नवऱ्याबरोबर शेतात नाहीतर आडतीवर जातो. रात्री तो घरी येतो, पण रात्री बाईला कुणाचा फोन आला ही चौकशीही येते. एकटीला फोन करण्यापेक्षा पाच जणींना एकत्र जोडणं म्हणूनच बरं पडतं. फोन स्पीकरवर असतो, सासू बाजूला ऐकत बसते आणि चौकशी आपोआप मिटते. काही घरांत तर सासूच आठवण करून देते, ‘तुझ्या मॅडमचा फोन यायचा हाय.’ शिकणं उघड्यावर आलं की त्याला घराची संमती मिळते, हा फायदा कुठल्याही ॲपच्या जाहिरातीत मी वाचलेला नाही.

याच्या मर्यादाही सांगते, नाहीतर उद्या कुणी उठून सगळंच फोनवर ढकलेल. प्रयोगशाळा फोनवर होत नाही. कृषी शिक्षणक्रमातलं कलम फोनवर बांधता येत नाही. सांख्यिकीतली लांबलचक आकडेमोड ऐकून समजत नाही, तिथं फळाच पाहिजे. ऐकू कमी येणाऱ्यासाठी हा मार्ग बंद आहे. त्याला लेखी उत्तर मिळण्याची वेगळी सोय हवी. उलट डोळ्यांनी अधू विद्यार्थी या तासात पहिल्यांदा बाकीच्यांच्या बरोबरीला येतो. आणि सगळ्यात मोठी भीती मला वेगळीच आहे. फोनवर भागतंय म्हटल्यावर ‘मग केंद्र कशाला?’ असा प्रश्न कुठल्यातरी टेबलावर निघेल. त्याला आत्ताच उत्तर देऊन ठेवते. रविवारचा वर्ग राहिलाच पाहिजे. ग्रंथालय, एकत्र बसणं, चहा पिताना झालेली ओळख, यांची जागा फोन घेत नाही. जो रविवारपर्यंत पोचत नाही, त्याच्यापर्यंत रविवार नेण्याची ही व्यवस्था आहे. एकाचे पैसे कापून दुसरं करायचं असेल, तर न केलेलं बरं.

आता नेमकं काय करायचं? एका केंद्रानं किंवा एका शिक्षकानं करण्यासारखं हे नाही. पहिली गोष्ट म्हणजे टोल-फ्री क्रमांकाचा कॉन्फरन्स ब्रिज. पाचच्या जागी वीस-पंचवीस जण ठरल्या वेळी एकाच क्रमांकावर येतील, आणि कोण किती वेळ होतं याची नोंद यंत्रच ठेवेल. हजेरीचा वाद तिथंच मिटतो. शिक्षिकेचा खासगी क्रमांकही गावभर होत नाही, ज्याचा त्रास काय असतो हे बाई असल्याशिवाय कळायचं नाही. बँका आणि कंपन्या असे ब्रिज रोज वापरतात. विद्यापीठाला ते जड नाही. पंचवीसच्या वर मात्र जाऊ नये. पन्नास जण जोडले की पुन्हा भाषण सुरू होतं.

दुसरी गोष्ट, संपर्क सत्रांच्या एकूण तासांपैकी काही हिस्सा, समजा एक तृतीयांश, फोनवर घ्यायची मुभा आणि त्याला तेवढंच मानधन. रात्री साडेआठला आपलं घर बाजूला ठेवून बसणाऱ्या माणसाची वेळ रविवारच्या वेळेपेक्षा हलकी कशी? तिसरी, संमंत्रकांचं प्रशिक्षण. पॉवरपॉइंट करायला आम्हाला पुष्कळदा शिकवलं गेलं. न दिसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला एकदा शिकवा. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ आणायची गरज नाही. नांदेड विभागात लॉकडाऊनमध्ये फोनवर शिकवलेले शिक्षक आहेत, त्यांना बोलवा.

१ जुलै १९८९ ला मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्यापुढं प्रश्न होता तो महाविद्यालयाच्या दारापर्यंत न पोचलेल्या माणसाचा. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेनं पदवीपर्यंत आणणारं हे विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद आहे. मराठवाड्यात ते ब्रीद पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी निम्मं खरं केलं. उरलेलं निम्मं संवादाचं आहे.

सुरुवात करायला पैसाही लागत नाही. प्रवेशाच्या अर्जात आपण जात विचारतो, उत्पन्न विचारतो, आधार क्रमांक विचारतो, मोबाइल क्रमांकही विचारतो. त्याच्याच खाली आणखी दोन रकाने टाका : फोन बटणांचा आहे का स्मार्ट, आणि तो तुमच्या हातात किती वाजता असतो? येत्या प्रवेशाला एवढं केलं, तर उदगीर-जळकोट भागातल्या फोनवरच्या तासांचं वेळापत्रक नाशिकला विद्यापीठाच्या मुख्यालयात बसून कुणाला ठरवावं लागणार नाही. अर्ज भरणाऱ्यांनीच ते लिहून दिलेलं असेल.